सांगोला, श्रोते: एक

सोलापुरात नव्या पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात, पडदा ओढून केलेल्या मागच्या खोलीत, सिद्धेश्वरी गेली तेरा वर्षं लोकांचे डोळे तपासते आहे. समोर अक्षरांचा तक्ता, गिऱ्हाईकाच्या नाकावर ती जाड गोल चौकट, आणि सिद्धेश्वरी एकेक भिंग घालून विचारत असते, "हे बरं दिसतंय का ते? आणि आता?" दिवसातून दोनशे वेळा तरी ती हा प्रश्न विचारत असेल. विचारून ती कंटाळत नाही. तिचा स्वभावच तसा आहे. शाळेत गणिताचे मास्तर तिच्या 'का?'ला वैतागून तिला पुढच्या बाकावरून उठवून मागं बसवायचे.

तिचं माहेर अक्कलकोटजवळच्या एका गावात. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि बोलताना कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू होऊन कुठल्या भाषेत संपेल याचा नेम नाही. लहानपणापासून ती गुणगुणायची, पण गाणं शिकायला कुणी घातलं नाही आणि तिनंही हट्ट धरला नाही. नवरा मल्लिनाथ मार्केट यार्डात बियाण्याच्या दुकानात असतो. तो म्हणतो, "हिला पोळ्या लाटताना गप्प बसवायचं असलं तर लाटणंच काढून घ्यावं लागतं."

गाणं झालं ते निंगव्वा नावाच्या एका बाईमुळं. साठीची बाई, आयुष्यात कधी चष्मा लावला नव्हता. मुलगा जबरदस्तीनं घेऊन आला होता. नंबर मोठा निघाला. चार दिवसांनी चष्मा तयार झाला, तो लावून निंगव्वा दुकानाच्या पायरीवर गेली आणि तिथंच थांबली. समोर कडुनिंब आहे. ती त्याच्याकडं बघत राहिली. मुलगा दोनदा चला म्हणाला, ती हलली नाही. शेवटी कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, "एष्ट एली." म्हणजे, किती पानं. साठ वर्षं तिला झाड म्हणजे एक हिरवा गोळा दिसत होता. त्याला वेगवेगळी पानं असतात हे तिनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

सिद्धेश्वरीनं त्या दिवशी नंबर लिहायच्या कार्डाच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या:

काल होतं झाड म्हंजी हिरवा ढग
आज दिसलं पान न् पान
नोडव्वा नोड, एष्ट एली
मोजता मोजता सुटलं भान

'नोडव्वा नोड' म्हणजे बघ गं बाई, बघ.

पुढं दोन महिने ती हे काम करता करता गुणगुणत होती. एक दिवस अमृत नावाचा माणूस जवळचं दिसेना म्हणून आला. चाळिशी उलटलेला, टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करणारा, राहायला कुंभारीला. सिद्धेश्वरी भिंगं बदलत होती आणि तोंडानं गाणं चालू होतं. तक्ता वाचायचं सोडून तो म्हणाला, "मॅडम, हे गाणं कुणाचं?"

"अजून कुणाचंच न्हाई," ती म्हणाली. "खालची ओळ वाचा."

अमृतनं घराच्या माडीवर एक खोली गाणी रेकॉर्ड करायला तयार केली होती. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना कारखान्यातले दुय्यम प्रतीचे जाड टॉवेल टांगलेले, त्यामुळं आत शिरलं की अंघोळीच्या आधीचा, कोऱ्या टॉवेलचा वास यायचा. तीन सोमवार संध्याकाळी दोघं तिथं बसले. ठेक्यासाठी अमृतनं एक युक्ती केली. सिद्धेश्वरीला तिची भिंगांची पेटी आणायला सांगितली आणि भिंग चौकटीत बसतानाचा 'टक, टकटक' असा आवाज रेकॉर्ड करून त्याचाच ठेका बांधला. वर बाजाची पेटी आणि तिचा आवाज. बाकी काही नाही. नाव दिलं, 'पान न् पान'.

आपलं गाणं आपण थेट ॲपवर टाकू शकत नाही, हे सिद्धेश्वरीला तेव्हा कळलं. मधे एक वितरण करणारी कंपनी लागते. तिच्याकडं गाणं दिलं की ती सगळ्या ॲपवर पोचवते. अमृतनं गाणं दिलं, आणि एका शुक्रवारी सकाळी पोळ्या लाटता लाटता सिद्धेश्वरीनं स्वतःचा आवाज फोनवर ऐकला. मल्लिनाथनं तो तीनदा लावला. आठवड्यात गाणं एकसष्ट वेळा वाजलं. त्यातली निम्मी माहेरची माणसं.

आता दुसरी कुणी असती तर इथं थांबली असती. सिद्धेश्वरीला वेगळाच प्रश्न पडला. ॲप उघडलं की आधी याद्याच दिसतात. सकाळची गाणी, प्रवासाची गाणी, नवी मराठी गाणी. लोक गाणं शोधत नाहीत, यादी लावून देतात. मग त्या याद्यांत गाणी घालतं कोण?

अमृतनं सांगितलं, "तीन प्रकार असतात, ताई. काही याद्या यंत्र बनवतं, ज्याला जे आवडतं त्यावरून. काही ॲपचीच माणसं बनवतात. आणि काही तुमच्याआमच्यासारखी साधी माणसं."

"म्हणजे खरंच माणूस बसतो ऐकायला?"

"बसत असेल की."

"कुठं बसतो? दिवसाला किती ऐकतो? पूर्ण ऐकतो का पहिली ओळ ऐकून सोडतो?"

अमृतला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की त्या माणसापर्यंत जायला एक अर्ज असतो. तो उघडून बघितला तेव्हा कळलं की अर्ज गाणं बाहेर पडायच्या आधी भरायचा असतो. बाहेर पडलेल्या गाण्याला ते दार बंद. तरी सिद्धेश्वरीनं तो पूर्ण वाचून काढला. गाण्याची भाषा कोणती, एकच निवडा. मनःस्थिती कोणती, दोन निवडा. वाद्यं कोणती. तिनं वाद्यांची यादी वरपासून खालपर्यंत बघितली, त्यात चष्म्याची भिंगं नव्हती. भाषेपाशी ती अडली. मराठी म्हणावं तर जीव कन्नड ओळीत, कन्नड म्हणावं तर तीन ओळी मराठी.

मग तिनं साध्या माणसांच्या याद्या हुडकल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की एकेकाला पत्र लिहायची. छत्तीस पत्रं गेली. उत्तरं पाच आली. एकानं लिहिलं, गाणं गोड आहे पण लोकगीत वाटत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, फारच लोकगीत वाटतं. तिसरा म्हणाला, तो टकटक आवाज काढता येईल का. तिनं प्रत्येकाला उलट विचारलं, तुम्ही गाणं कसं निवडता? त्याचं उत्तर एकाचंही आलं नाही.

आणि मग एकदम आकडे चढले. चार दिवसांत गाणं नऊ हजार वेळा वाजलं.

मल्लिनाथनं पेढे आणले. सिद्धेश्वरी मात्र फोन घेऊन बसली. कलावंतांसाठी ॲपचं एक वेगळं पान असतं, त्यावर कुठल्या गावात किती लोकांनी ऐकलं ते दिसतं. नऊ हजारांतलं जवळजवळ सगळं दोन परदेशी शहरांतून आलेलं. नकाशात बघितलं तर तिथं वर्षातले चार महिने बर्फ.

"तिथं कुणाला कळणार नोडव्वा नोड?" ती म्हणाली.

"आपली माणसं कुठं नसतात," मल्लिनाथ म्हणाला आणि दुसरा पेढा खाल्ला.

"पण नऊ हजार वेळा वाजलं आणि एकानंबी ते आपल्याकडं ठेवून घेतलं नाही. आवडलेलं गाणं माणूस ठेवून घेतो ना?"

उत्तर दहा दिवसांनी आलं. वितरण करणाऱ्या कंपनीचं पत्र होतं. तुमचं गाणं कृत्रिमरीत्या वाजवलं गेल्याचं दिसतं, त्यामुळं ते सगळ्या ॲपवरून काढत आहोत. खुलासा असल्यास पंधरा दिवसांत पाठवा, नाहीतर खातंही बंद होईल. खाली संशयित याद्यांची नावं होती.

तिनं अमृतला फोन केला. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडनं झालं ते. एक जाहिरात आली होती, तुमचं गाणं मोठ्या यादीत लावतो, पहिले चार दिवस फुकट. मी नाव घातलं. तुम्हाला एकदम आकडा दाखवावा म्हणून सांगितलं नाही."

"तिथं ऐकणारी माणसंच नव्हती, अमृतभाऊ."

"मला वाटलं असतील."

तिनं फोन ठेवला. पुढं आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. गाणं गेल्याचा राग होताच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की चार दिवस तिनंही मनात ती बर्फातली माणसं उभी केली होती. खिडकीशी बसून ऐकणारी. ती कुणीच नव्हती.

पत्र मात्र ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. संशयित याद्या दोन होत्या. पहिली ती परदेशी, तिच्या नावाला काही अर्थ नव्हता. दुसरीचं नाव होतं, 'पॅकिंग सकाळ ते एस्टी'. आणि पुढं तपशील: सांगोला, श्रोते एक, एका महिन्यात हे गाणं चारशे बारा वेळा.

"हे यंत्र न्हाई," सिद्धेश्वरी मल्लिनाथला म्हणाली. "यंत्र यादीचं नाव असलं ठेवणार न्हाई."

"मग वेडा असेल कुणीतरी."

"महिन्यात चारशे बारा. म्हणजे दिवसाला तेरा-चौदा वेळा. का ऐकत असेल ओ एक माणूस एवढं?"

"आजारी असेल. अंथरुणाला खिळलेला."

"मग पॅकिंग कशाचं?"

यादीवर बनवणाऱ्याचं नाव होतं 'गोजा बी', आणि शेजारी नखाएवढा फोटो. तिनं तो मोठा केला. ती डोळे तपासणारी बाई, धूसर अक्षरं वाचायची तिला सवय. फोटोत लाल क्रेटची थप्पी होती आणि सगळ्यात वरच्या क्रेटवर अर्धवट नाव, '...माता डाळिंब, महूद रोड'. सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी तिनं सकाळची सांगोल्याची एसटी धरली. मल्लिनाथ म्हणाला, "एका माणसासाठी एवढ्या लांब?" पण डबा त्यानंच भरून दिला.

महूद रोडला दोन शेडमध्ये विचारून झाल्यावर रिक्षावाल्यानं तिला तिसऱ्या शेडपाशी सोडलं. मोठी पत्र्याची शेड, बाहेर टेम्पो, आत लांबच लांब टेबलं. टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या, चाळीसएक तरी. डाळिंब उचलायचं, फडक्यानं पुसायचं, फिरवून डाग बघायचा आणि आकारानुसार समोरच्या खोक्यात ठेवायचं. हात इतके भराभर चालत होते की सिद्धेश्वरी दारातच उभी राहिली. मधल्या खांबाला एक स्पीकर बांधलेला. त्यातून गाणं चालू होतं, पण तिचं नव्हे.

पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई पुढं आली. "कोन पायजे?"

"गोजाबाई इथंच असतात का?"

"मीच. कामाला आलाव का? आज भरती न्हाय."

"काम नाही. तुमच्या यादीत एक गाणं होतं. पान न् पान."

गोजाबाईनं तिला वरून खाली बघितलं. "हुतं. आता न्हाय. करडं पडलंय, दाबलं तरी वाजत न्हाय. बाया रोज इचारत्यात. तुमी मोबाईलवाल्या का?"

"ते गाणं माझं आहे. मीच म्हटलंय."

"तुमचं हाय तर मग घालवलंसा कशाला?"

सिद्धेश्वरीनं जे झालं ते सगळं सांगितलं. परदेशी यादी, पत्र, चारशे बारा. गोजाबाई ऐकत होती आणि एक डोळा टेबलांवर होता.

"म्हंजी आमी लई येळा लावलं म्हनून त्यास्नी संशय आला?"

"त्यांना वाटलं एकच माणूस आहे."

"फोन एकच हाय की. मालकानं दिलेला. ऐकनाऱ्या बेचाळीस हायती." असं म्हणून ती वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं, ही बाई म्हनती गानं तिचं हाय."

हात थांबले नाहीत, पण चेहरे वळले. कुणीतरी म्हणालं, म्हणून दाखवा म्हणावं. गोजाबाईनं स्पीकर बंद केला. आयुष्यात सिद्धेश्वरी टॉवेलांच्या खोलीखेरीज कुणासमोर गायली नव्हती. तिनं खाली बघून सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी एकटीनं झाल्या. तिसरीला चाळीस बायांनी आवाज दिला:

लोडव्वा लोड, एस्टी आली

सिद्धेश्वरी थांबली. बायका थांबल्या नाहीत. त्यांनी पूर्ण कडवं म्हटलं आणि मग तिच्याकडं बघितलं. एक म्हणाली, "चुकलीस गं. लोडव्वा हाय ते."

"ते नोडव्वा आहे," ती म्हणाली. "कन्नड आहे. बघ बाई बघ, किती पानं, असं."

गोजाबाई म्हणाली, "आमास्नी वाटलं आमच्यावरच केलंय. पाचला एस्टी येती गावाकडची. त्याच्या आदी समदी क्रेटं टेम्पोत लोड करायची असत्यात. साडेचारला हे गानं लावलं की बाया आपोआप हात उचलत्यात. क्रेटं संपंस्तवर पुन्ना पुन्ना लावायचं. तेरा-चवदा येळा लागतं. कवा माल जास्ती आला तर इसबी."

चारशे बाराचा हिशोब असा सुटला.

जेवणाच्या सुट्टीत सिद्धेश्वरीनं डबा उघडला आणि गोजाबाईशेजारी बसली. तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला हे सापडलं कसं?"

"मी फोनला म्हनलं, पानाचं गानं लाव. मला खायाच्या पानाचं पायजे हुतं, ठसक्याचं. त्यानं हे लावलं. पयल्यांदा म्हनलं ह्ये काय घड्याळावानी टकटक करतंय. पन बघितलं तर बायांचं हात त्या टकटकीवर चालाय लागले. मग ठिवलं."

"आणि बाकीची गाणी? कशी निवडता?"

छत्तीस पत्रं लिहून जे कळलं नव्हतं ते सांगायला गोजाबाईला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. सकाळी देवाची दोन, जास्त नाहीत, कारण मग बाया हात जोडतात. नवाच्या पुढं मध्यम चालीची. फार जलद लावलं तर डाग बघायचे राहतात आणि माल परत येतो. चहानंतर जलद चालतं. माहेरची गाणी दुपारी कधीच नाहीत, कारण नव्या लग्न झालेल्या दोघीतिघी आहेत, त्या रडतात. जेवणानंतरचा तास सगळ्यात अवघड. "त्या टायमाला झोप येती. त्या टायमाचं गानं मला अजून गावलं न्हाय. तीन वर्सं हुडकतीया."

"गाणं चांगलं आहे की वाईट, हे कसं ओळखता?"

"हातावरनं," गोजाबाई म्हणाली. "तोंडाकडं बघून कळत न्हाय. बाया कायबी आवडलं म्हनत्यात. हाताकडं बघायचं."

सिद्धेश्वरी मग पूर्ण दुपार टेबलाशी उभी राहून हात बघत राहिली. शेवटच्या टेबलावरची काशम्मा नावाची बाई प्रत्येक डाळिंब नाकापर्यंत नेऊन बघायची, हे तिच्या लक्षात आलं. तिनं तिला बाजूला घेतलं, शेडच्या भिंतीवरची पाटी वाचायला लावली, तर काशम्माला पाटी आहे एवढंच दिसत होतं. सिद्धेश्वरीनं दुकानाचा पत्ता लिहून दिला आणि सोमवार सोडून कधीही या म्हणून सांगितलं. काशम्मा पुढच्या आठवड्यात आली.

साडेचारला क्रेटं निघाली. गाणं करडं पडलेलं, म्हणून बायांनी ते तोंडीच म्हटलं. सिद्धेश्वरीनं फोनवर चित्रण केलं. चाळीस बाया, एक स्पीकर, एक फोन, आणि गोजाबाई कॅमेऱ्यात बघून सांगतेय की हे गाणं आमी ऐकतो, आमी यंत्र न्हाय. ते खुलासा म्हणून पाठवलं. सोबत अमृतनं स्वतःहून लिहून दिलं की परदेशी यादीची चूक माझी. ते पत्र द्यायला तो दुकानात आला, तेव्हा सिद्धेश्वरीनं त्याला चहा पाजला आणि सांगोल्याचं सगळं सांगितलं. तो 'एस्टी आली'वर इतका हसला की त्याचा नवा चष्मा खाली पडला. अबोला तिथं संपला.

कंपनीचं उत्तर बारा दिवसांनी आलं. खातं बंद होणार नाही. मात्र काढलेलं गाणं आहे तसं परत येणार नाही. नव्यानं रेकॉर्ड करून नवं गाणं म्हणून देता येईल. पत्राखाली कुणाचं नाव नव्हतं, पण एक जास्तीची ओळ होती: चित्रण आमच्या सगळ्या टेबलांवर फिरलं.

"आमच्या टेबलांवर म्हणजे कुठं?" सिद्धेश्वरी म्हणाली. पण ते विचारायला पत्ता नव्हता.

मग नवं रेकॉर्डिंग ठरलं. कल्पना तिची. पहिल्या कडव्यात नोडव्वा नोड, ती एकटी. शेवटच्या कडव्यात लोडव्वा लोड, शेडमधल्या बाया. गोजाबाईला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "घ्या की. आमी कुटं ते लिवून ठिवलंय. पन गान्यावर नावं घाला समद्यांची." अमृत दोन माईक घेऊन सिद्धेश्वरीबरोबर सांगोल्याला गेला. पत्र्याचा आवाज घुमतो म्हणून त्यानं टॉवेलांचं गाठोडं नेलं होतं, पण क्रेटं आपटल्याचा आवाज ऐकून ते उघडलंच नाही. बेचाळीस नावं मात्र एका कागदावर नीट उतरवून घेतली.

यावेळी अर्ज महिनाभर आधी भरला. भाषेपाशी तिनं मराठी निवडलं, कारण आता जास्त ओळी मराठी झाल्या होत्या. वाद्यांत 'इतर'. शेवटी गाण्याबद्दल थोडक्यात लिहायला एक चौकोन होता, पाचशे अक्षरांचा. त्यात ती आठ दिवस खाडाखोड करत होती. मल्लिनाथ म्हणाला, "एवढं तू मला लग्नाआधीबी कधी लिहिलं न्हाईस." शेवटी तिनं कौतुकाचा एकही शब्द न घालता तीन गोष्टी लिहिल्या. एका बाईला साठाव्या वर्षी पानं दिसली. दुसऱ्या गावच्या बायांनी शब्द चुकीचे ऐकले. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही गाण्यात आहे.

गाणं शुक्रवारी बाहेर पडलं. सकाळी काही नाही. अकरा वाजता ती एका पेन्शनर आजोबांचा डावा डोळा तपासत होती, तेव्हा अमृतचा फोन आला. तिनं उचलला नाही. पुन्हा आला. आजोबा म्हणाले, "घ्या, घ्या. मला काय घाई."

"ताई, यादीत आलंय. ॲपच्या यादीत. नव्या मराठी गाण्यांच्या."

"कितवं?"

"त्रेचाळिसावं. साठातलं."

ती खुर्चीवर बसली. आजोबांनी विचारलं काय झालं, तर तिनं फोन त्यांच्या कानाला लावला आणि गाणं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाले की तो टकटक आवाज ओळखीचा वाटतो.

गाणं त्या यादीत तीन आठवडे होतं. पुण्यातून ऐकलं गेलं, नागपुरातून, बेळगावातून. आणि यावेळी लोक ठेवून घेत होते. विजापुरातल्या एकानं लिहिलं की माझ्या आईला पहिलं कडवं कळतं आणि बायकोला शेवटचं. चौथ्या शुक्रवारी यादी बदलली आणि गाणं तिथून गेलं. कुणी निवडलं, का निवडलं, पाचशे अक्षरं वाचून की टकटक ऐकून, की त्या टेबलांवर फिरलेलं चित्रण कुणाच्या लक्षात होतं म्हणून, हे सिद्धेश्वरीला आजतागायत कळलेलं नाही. तिनं ॲपच्या मदतीच्या पत्त्यावर तो प्रश्न पाठवला होता. तुमचा अभिप्राय मोलाचा आहे, असं उत्तर आलं.

पण सांगोल्याचा आकडा बघायला गेली, तर तिथं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी सहा वेळा, मग शून्य. तिनं काळजीनं गोजाबाईला फोन लावला.

"काढलं मी ते," गोजाबाई म्हणाली. "गानं ब्येस झालंय. पन लावलं की बाया हात थांबवून आपापला आवाज हुडकत बसत्यात. ही मी, ती तू, असं चालतंय. त्या दिवशी एस्टी चुकली."

सिद्धेश्वरीला हसावं की काय कळेना. ॲपच्या यादीत जागा मिळाली होती आणि शेडच्या यादीतून ती गेली होती.

"मग मावशी, तुमच्या यादीत यायला काय करू?"

"जेवनानंतरचं एक द्या," गोजाबाई म्हणाली. "झोप उडंल असं. पन उड्या मारायला लावनारं नको, डाग दिसाय पायजेत."

महिनाभर सिद्धेश्वरी आणि अमृत त्यावर बसले. चार चाली झाल्या. पाचवी जमली असं दोघांना वाटलं, तेव्हा अर्ज वगैरे काही न भरता तिनं ती कच्चीच गोजाबाईच्या फोनवर पाठवली. मंगळवारी दुपारी सव्वादोनला उत्तर आलं. बोलून पाठवलेलं होतं, मागं स्पीकरवर गाणं चालू होतं.

"दोन कडवी झ्याक चालत्यात. तिसऱ्याला हात मंद होतोय. तितं काय केलंयसा, बगा जरा."

सिद्धेश्वरीनं बाहेर वाट बघणाऱ्या गिऱ्हाईकाला पाच मिनिटं थांबायला सांगितलं, पडदा ओढला आणि तिसरं कडवं पुन्हा ऐकायला बसली.